गुडघ्याइतके दगड

लंडनहून डेव्हनकडे निघालं की ए३०३ रस्त्यावर एका ठिकाणी वाहतूक हमखास मंदावते. उजव्या हाताला स्टोनहेंज दिसतं आणि पुढच्या प्रत्येक गाडीतली माणसं माना वळवून बघत असतात. तुम्हीही बघितलं असेल. आज मात्र तुम्हाला तिथून आणखी पश्चिमेला, एक्समूरच्या माळावर न्यायचं आहे. तिथल्या दगडांसाठी कुणी गाडी हळू करत नाही, कारण रस्त्यावरून ते दिसतच नाहीत.

मूर म्हणजे उघडं, वाऱ्याचं माळरान. झाडं जवळजवळ नाहीत. गवत, हेदरची झुडपं आणि पायाखाली पीटची काळी, पाणथळ माती. त्या माळावर लहान दगड रोवलेले आहेत. बरेचसे जेमतेम गुडघ्याला लागतील एवढे. काही तर इतके बुटके, की पावसाळी गवत वाढलं की त्यात बुडून जातात. कुठे सहा-आठ दगडांच्या दोन समांतर ओळी, कुठे फाशावरच्या पाचासारखी मांडणी, तर कुठे आकाराचा पत्ताच लागत नाही. असे पन्नासहून अधिक गट एक्समूरवर नोंदले गेले आहेत, आणि ते साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या आगेमागे रोवले गेले असावेत असं मानतात. व्हाइट लॅडर नावाची एक दुहेरी रांग तर चारशे मीटरच्या घरात जाते. पण तिचे दगड इतके छोटे, की ती अभ्यासकांच्या लक्षात यायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

हे दगड पाहिल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो ‘कशासाठी?’. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. ज्यांना आपलं म्हणणं खोडून काढता येणार नाही, अशा माणसांबद्दल आपण किती आणि कसं बोलावं? दगड रोवणाऱ्यांनी एक अक्षर मागे ठेवलेलं नाही. त्यांची भाषा कुठली, आपापसात ते स्वतःला काय म्हणत, यातलं काही उरलेलं नाही. आपण त्यांच्याविषयी काहीही म्हटलं तरी ते तक्रार करायला येणार नाहीत. ही केवढी मोठी मोकळीक! आणि मोकळीक मिळाली की माणूस काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

एक्समूरच्या दक्षिणेला डार्टमूर आहे. तिथे ग्रॅनाइटची रेलचेल, त्यामुळे अवशेषही ठसठशीत. त्यातलं ग्रिम्सपाउंड हे एक प्रसिद्ध ठिकाण: दगडी कोटाच्या आत चोवीस गोल जोती. रिचर्ड पोलव्हील या धर्मोपदेशकाने १७९७ मध्ये लिहिलं, की ही प्राचीन न्यायसभेची जागा असावी. त्या काळी कुठलाही जुना दगड दिसला की ड्रुइड पुरोहित आठवत. रांगा म्हणजे त्यांच्या मिरवणुकीच्या वाटा, वर्तुळं म्हणजे त्यांची देवळं. लिहिणाऱ्यांत धर्मोपदेशक पुष्कळ होते, त्यामुळे माळावर त्यांना धर्मोपदेशक दिसले यात नवल नाही. पुढे १८९४ च्या सुमारास सबाइन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रिम्सपाउंडची जोती खणली. आत काय निघालं? चुली, कोळसा, रांधण्याचे खळगे. न्यायाधीशांच्या जागी गुराखी आले. तिथे माणसं राहत होती, स्वयंपाक करत होती, आणि दाराला वाऱ्याचा आडोसा करून झोपत होती.

विसाव्या शतकात अलेक्झांडर थॉम नावाच्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी ब्रिटनभरची दगडी वर्तुळं आणि रांगा अत्यंत चिकाटीने मोजल्या. त्यांचं पुस्तक १९६७ साली आलं. या लोकांचं एक ठरलेलं माप होतं, सुमारे ८३ सेंटिमीटरचं, आणि त्यांना चंद्रसूर्याच्या गतीचं सूक्ष्म ज्ञान होतं, असा त्यांचा निष्कर्ष. माणूस चंद्रावर उतरायच्या बेतात असतानाचा तो काळ. धर्मोपदेशकांना पुरोहित दिसले होते, अभियंत्याला अभियंते दिसले. थॉम यांची मोजणी आजही आदराने वापरली जाते. त्यांच्या मापाचा सिद्धांत मात्र बहुतेक पुरातत्त्वज्ञ मान्य करत नाहीत. मोजणारा आणि सांगणारा एकच माणूस असला, तरी या दोन कामांचं आयुष्य वेगवेगळं असतं.

इथे तुम्ही म्हणाल, मग गप्प बसावं. दगड मोजावेत, नकाशावर टिंब द्यावं आणि घरी यावं. जे ठाऊक नाही त्याबद्दल बोलूच नये.

हा मार्ग सोवळा वाटतो खरा, पण मला तो पुरेसा प्रामाणिक वाटत नाही. डार्टमूरवरच लांबच लांब बुटके दगडी बांध आहेत. स्थानिक बोलीत त्यांना ‘रीव्ह’ म्हणतात. डोंगर चढून, दरी ओलांडून ते मैलोन्मैल जातात. लोकांना ते दिसत नव्हते असं नाही. कुणी त्यांना जुने रस्ते म्हटलं, कुणी मध्ययुगातल्या हद्दी. कांस्ययुगातल्या माणसांनी एवढ्या मोठ्या प्रदेशाची आखणी करून शेतं आणि कुरणं पाडली असतील, ही कल्पनाच कुणाला शिवली नव्हती. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग आणि त्यांच्या बरोबरीच्या अभ्यासकांनी हे बांध पायाखाली घातले आणि ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे असल्याचं पुढे आलं. बांध तिथेच होते. ते घालणाऱ्यांबद्दलची आपली अपेक्षा तोकडी होती. रानटी लोक, त्यांना कसली आलीय हद्द! बांधाचं महत्त्व काय असतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात त्यावरून. ज्यांनी ते बांध घातले त्यांनाही वाटे, हक्क, भांडणं आणि तडजोडी ठाऊक असणार. हा अर्थ लावणं धाडसाचं होतं, पण अर्थ न लावणं हा अन्याय झाला असता.

म्हणजे गप्प बसणंही तटस्थ नसतं. ‘इथे काही नाही’ हेसुद्धा एक विधान आहे, आणि त्याचे परिणाम होतात. १९०५ च्या सुमारास चँटर आणि वर्थ या दोघांनी एक्समूरच्या दगडांची तपशीलवार नोंद केली. त्यांनी नोंदवलेले काही दगड आज जागेवर नाहीत. ज्या दगडाला कुणी गोष्ट दिली नाही तो फाटकाचा खांब होतो, नाही तर रस्त्याच्या भरावात जातो. गुरं अंग घासतात, पायाशी खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, दगड कलतो आणि एक दिवस आडवा होतो. आडवा गुडघाभर दगड आणि साधा दगड यांत फरक तो काय राहिला?

उलट अंगानेही नुकसान होतं. डार्टमूरवर बेअरिंग-गूल्ड आणि बर्नार्ड यांच्या काळात पडलेले दगड पुन्हा उभे केले गेले. ड्रिझलकूमचा चार मीटरहून उंच दगड १८९३ साली असाच उभा केला. हेतू चांगलाच होता. पण रांग कशी ‘असायला हवी’ याची कल्पना डोक्यात ठेवून एखादा दगड बसवला, की ती कल्पनाच पुढच्या पिढीला पुरावा म्हणून दिसू लागते. साक्षीदाराच्या तोंडी आपलंच वाक्य घालायचं आणि मग त्याची साक्ष नोंदवून घ्यायची, असा तो प्रकार. म्हणून मला वाटतं, अर्थ हवा तो लावा, पण दगडाला हात लावू नका. आजकाल फिरायला येणारे लोक हौसेने दगडावर दगड रचून छोटे मनोरे करतात, फोटो काढतात आणि जातात. ते दगड पुष्कळदा चार हजार वर्षांच्या जुन्या राशीतूनच उचललेले असतात. तुमची मुलं बरोबर असतील तर एवढं त्यांना जरूर सांगा.

आता ‘विधी’ या शब्दाकडे येऊ. पुरातत्त्वज्ञांची आपापसातली जुनी थट्टा आहे: वस्तू कशासाठी होती ते कळलं नाही, की लिहायचं ‘धार्मिक विधीसाठी’. कल्पना करा, दिवाळीत तुमच्या मुलांनी रेडिंगच्या किंवा लेस्टरच्या घरामागे मातीचा किल्ला केला. चिखलाचे बुरूज, हळिवाची हिरवळ, वर छोटंसं सिंहासन, पायथ्याशी इवलेसे मातीचे मावळे. काही हजार वर्षांनी कुणाला ते मावळे सापडले, तर तो काय लिहील? युद्धदेवतेची उपासना? दर वर्षी त्याच ऋतूत, त्याच जागी, म्हणजे विधीच. आणि तो पूर्ण चुकलेला असेल असंही नाही. किल्ला हा खेळ आहे, इतिहास आहे, सण आहे, शेजारच्या मुलांशी चढाओढ आहे, आणि साता समुद्रापलीकडे आईबापांनी जपलेला हट्टही आहे. यातलं ‘खरं’ कारण कोणतं, असं विचारलं तर तुम्हालाच सांगता येणार नाही. पण शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि ‘हे काय, देऊळ का?’ म्हणाली, तर तुम्ही हसून तिला दुरुस्त करू शकता. चहाला बोलावून शिवनेरीपासून सगळं सांगू शकता.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे रोजचं आहे. दारातली रांगोळी, कपाळावरचं कुंकू, तांब्यावरचा नारळ. खुणा थोड्या आणि बघणारे अनेक. त्यातला कुणी अर्धवट माहितीवर आपल्याबद्दल ठाम बोलून जातो तेव्हा टोचतं. टोचतं ते त्याला माहिती नसते म्हणून नव्हे, कारण माहिती नसणं हा काही गुन्हा नाही. आपण समोर असताना त्याला विचारायची गरज वाटली नाही, हे टोचतं. माळावरच्या माणसांना विचारण्याची सोयच नाही. म्हणून तिथे बोलणाऱ्याची जबाबदारी वाढते. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्या वतीने आपणच आपल्याला अडवायचं असतं.

कुणी म्हणेल, चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर कसला अन्याय? त्यांना काय फरक पडतो? मान्य, त्यांना पडत नसेल. पण त्यांच्याबद्दल बेफिकिरीने बोलण्याची सवय फक्त त्यांच्यापुरती राहत नाही. नागपूरजवळ जुनापाणीला दगडी वर्तुळं आहेत आणि त्यांतल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश मुलकी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. त्याला ती थेट आपल्या देशातल्या वर्तुळांसारखी वाटली. घरापासून दूर असलेल्या माणसाला ओळखीचं काही दिसलं की हायसं वाटतं, हे आपण समजू शकतो. पण पुढच्या उत्खननांत विदर्भातल्या या वर्तुळांत लोखंडाची हत्यारं आणि घोड्यांचे अवशेष मिळाले. ती लोहयुगातली दफनं, ब्रिटनमधल्या वर्तुळांपेक्षा हजारभर वर्षांहून अलीकडची. दिसायला सारखं म्हणून असायला सारखं नसतं. आपण डार्टमूरवर गेलो आणि दगड पाहून ‘अगदी आपल्या म्हसोबासारखा!’ म्हणालो, तर तीच गंमत उलट्या दिशेने होईल. म्हणायला हरकत नाही. तो निष्कर्ष समजू नये.

याच संदर्भात दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणिती पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरत असे. नखाएवढी गारगोटीची हत्यारं वेचायची, जुन्या वाटा शोधायच्या, शेंदूर लावलेल्या दगडांपाशी थांबायचं आणि भेटेल त्या गुराख्याला विचारायचं. १९६२ साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त हे सगळं आहे. वाटा, हत्यारं आणि देवींची ठाणी यांचा त्यांनी जोडलेला संबंध सगळ्यांना पटतो असं नाही. पण त्यांची रीत मला महत्त्वाची वाटते. त्यांच्या दगडाशेजारी जिवंत माणूस होता आणि त्याला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही. आज शेंदूर लावणाऱ्या आजीला पहिल्यांदा तो दगड कुणी ठेवला ते ठाऊक नसेल. तरी तिचा अर्थ खोटा ठरत नाही, तो तिचा असतो. मूरवर अशी आजी नाही. तिथल्या दगडांपाशी फक्त मेंढ्या आहेत.

मग जिथे विचारायला कुणीच नाही तिथे काय हाती लागू शकतं? डार्टमूरच्या व्हाइटहॉर्स हिलवर पीट झिजून एका लहानशा दगडी पेटीची कड उघडी पडली होती. २०११ मध्ये ती उघडण्यात आली. बाहेरून पाहिलं तर काही दगड, बस. आत एका तरुण व्यक्तीची, बहुधा स्त्रीची, जळलेली हाडं अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली होती. वय पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान. सोबत सालीच्या धाग्यांची छोटी विणलेली टोपली, दोनशेच्या आसपास मणी, त्यांत दूरवरून आलेला अंबर, आणि गाईच्या केसांचा विणलेला कथलाच्या टिकल्यांचा दंडपट्टा. हे सगळं सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचं.

असं काही वाचलं की ‘राजकन्या’ हा शब्द जिभेवर यायला वेळ लागत नाही. पण टोपलीत मुकुट नव्हता. जे होतं त्यातून एवढं नक्की म्हणता येतं, की कुणीतरी केस विणले, कुणीतरी टिकल्या एकेक करून बसवल्या, आणि ही माणसं गेलेल्या व्यक्तीला रिकाम्या हाताने निरोप देऊ इच्छीत नव्हती. राजकन्येपेक्षा हे मला जास्त वाटतं. राजकन्या आपण पाठवतो. टिकल्या तिकडून आल्या आहेत.

तिकडून आलेलं कोणतं आणि आपण पाठवलेलं कोणतं, हा फरक राखणं म्हणजेच माझ्या मते या विषयातली नीती. कल्पनेला बंदी नाही; कल्पना नसती तर रीव्ह अजून जुने रस्तेच राहिले असते. पण बोलताना दोन रकाने हवेत, किराण्याच्या वहीत जमा आणि खर्च असतात तसे. शिवाय प्रत्येक अर्थाबरोबर हेही सांगता यायला हवं, की काय सापडलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. न्यायसभेची गोष्ट चुलींनी खोडली. जी गोष्ट कुठल्याच चुलीने खोडता येणार नाही, ती दगडाबद्दलची नसते, ती फक्त सांगणाऱ्याबद्दलची असते.

एक्समूरच्या दगडांच्या छोटेपणाबद्दलही हेच. स्टोनहेंज पाहून आलेल्या नजरेला ते गरिबीचे वाटतात: माणसं थोडी, दगड लहान, जमलं तेवढं केलं. पण त्याच एक्समूरवर चॅपमन बॅरोजजवळ सुमारे तीन मीटर उंचीचा लाँग स्टोन उभा आहे. म्हणजे या माळावर मोठा दगड मिळत होता आणि तो उभाही करता येत होता. मग लहान दगड हा नाइलाज नसून निवड असू शकते. कदाचित ते लांबून कुणाला दिसावेत अशी अपेक्षाच नव्हती. जवळ जाणाऱ्याला, वाकून पाहणाऱ्याला दिसले की पुरे. देवघरातला टाक अंगठ्याएवढा असतो म्हणून कुणी घराला दरिद्री म्हणत नाही. ही तुलना माझ्या रकान्यातली आहे, त्यांच्या नव्हे. पण मोठं म्हणजे महत्त्वाचं हे मापही कुणाच्या तरी रकान्यातलंच होतं, एवढं तिच्यामुळे ध्यानात येतं.

या उन्हाळ्यात तिकडे गेलात आणि गवतातल्या एखाद्या दगडापाशी मुलाने विचारलं, ‘हा कुणी ठेवला? कशाला?’ तर काय सांगाल? ‘माहीत नाही’ म्हणून विषय संपवू नका, आणि पुरोहितांची गोष्टही रचू नका. दगड उभा करायचा तर आधी खड्डा खणावा लागतो. मग दगड त्यात उतरवायचा आणि भोवतीच्या फटींत पाचरीसारखे लहान दगड ठोकून तो घट्ट करायचा. एक्समूर-डार्टमूरवर खणलेल्या दगडांच्या पायाशी असे आधाराचे दगड मिळाले आहेत. त्यामुळे मुलाला एवढं खात्रीने सांगता येईल: कुणीतरी हा इथे आणला, आणि तो पडू नये म्हणून खाली खूप मेहनत घेतली.